शेवटच्या गाण्यानंतरही आम्ही तुमचे पाहुणेच असतो : संगीत महोत्सवाच्या आयोजकांना खुलं पत्र

आयोजक मंडळींना सप्रेम नमस्कार.

यंदाच्या महोत्सवाचा तुमचा ई-मेल मंगळवारी रात्री आला. विषयाच्या जागी लिहिलं होतं, 'अधिक सुंदर, अधिक सुरक्षित, अधिक तुमचा'. लाइनअपची वाट पाहत होते, म्हणून हातातलं काम टाकून उघडला. लाइनअप छान आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कलाकारांच्या नावांखाली बारीक टायपात 'नवे नियम' अशी एक लिंक होती. ती दोनदा वाचली आणि भाचीला पाठवली. तिचं एका ओळीत उत्तर आलं, "मावशी, यांना आपण यायला हवे आहोत की नको?"

तिला मी काय सांगणार? म्हणून प्रश्न तुमच्याकडे पाठवते आहे. आधी खासगीत लिहून पाहिलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं यंत्राचं उत्तर लगेच आलं, माणसाचं अजून यायचंय. तेव्हा आता चारचौघांत विचारते.

ज्यांनी ती लिंक उघडली नसेल त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगते. बाहेरून पाणी आणायचं नाही, रिकामी बाटलीसुद्धा नाही. मुख्य स्टेजसमोरचा पुढचा एक तृतीयांश भाग कुंपण घालून 'प्लॅटिनम' तिकिटांसाठी राखीव. एकदा बाहेर पडलं की त्या दिवशी पुन्हा आत येता येणार नाही. आत खर्च करण्यासाठी रिस्टबँडवर, म्हणजे मनगटावरच्या पट्टीवर, भरलेले पैसे उरले तर परत मिळणार नाहीत. आणि मैदान ते रेल्वे स्टेशन ही रात्रीची शटल बस बंद. तिच्या जागी 'राइड पार्टनर'च्या गाड्या, म्हणजे गर्दी वाढली की भाडं वाढवणाऱ्या.

यातल्या एकेका नियमासाठी तुमच्याकडे कारण असेलही. पण पाचही एका दमात वाचले की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते कळतं. आम्ही नव्हतो.

आता मी कोण ते सांगते. वय सेहेचाळीस. गेली अकरा वर्षं तुमच्याकडे येते, मधली दोन वर्षं सगळं जगच बंद होतं ती सोडून. पहिल्या वर्षी एकटी आले होते. दुसऱ्या रात्री पावसानं माझा तंबू झोपवला, तेव्हा शेजारच्या तंबूतल्या चार अनोळखी मुलांनी स्वतःची ताडपत्री निम्मी माझ्यावर ओढली. त्यांतले दोघं आज माझे अगदी जवळचे मित्र आहेत. तुमच्या महोत्सवावर माझं प्रेम आहे ते असं, ओल्या मोज्यांसकट.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, नाहीतर 'काकूंना आजकालचं काही आवडत नाही' असं म्हणून पत्र बाजूला पडेल. नटून जाणं, प्रवासाची महिनाभर आखणी करणं, कोणत्या रात्री कोणतं जॅकेट हे ठरवणं, गालावर चमकी लावणं, पहाटेच्या उजेडात फोटो काढणं, हे सगळं मी करते आणि मनापासून करते. बॅग भरणं हा माझ्यासाठी महोत्सवाचा अर्धा आनंद असतो. रोजच्या आयुष्यात जे कपडे घालायला जागा नसते, त्यांना तीन दिवस जागा मिळते. याला कुणी उथळपणा म्हणालं तर मी भांडेन. माझी अडचण वेगळी आहे. फोटो आमचा निघतो, तुमच्या जाहिरातीत तो वर्षभर फिरतो, आणि फोटोतल्या माणसाला तहान लागते, त्याचे पाय दुखतात, त्याला घरी जायचं असतं, याचा मात्र तुम्हाला विसर पडतो.

फोटो आधी आणि माणसं नंतर, असं केलं की काय होतं ते २०१७ साली बहामाजमध्ये दिसलं. फायर फेस्टिव्हलची जाहिरात म्हणजे निळं पाणी, मॉडेल आणि खासगी विमानं. लोक पोचले तेव्हा हाती आले आपत्ती निवारणाचे तंबू, भिजलेल्या गाद्या आणि चीज ठेवलेले पावाचे तुकडे. आयोजकाला पुढे फसवणुकीबद्दल सहा वर्षांची कैद झाली. तुम्ही फसवणूक करता असं मी म्हणत नाही, तुमचा स्टेज खरा आहे आणि कलाकारही येतात. पण तो प्रकार सुरू झाला तो जाहिरातीची फिल्म तयार आणि नळ-शौचालयांची सोय नाही, अशा क्रमानं. तुमच्या यंदाच्या ई-मेलमध्येही फिल्म सर्वांत वर आहे आणि पाण्याचा नियम सर्वांत खाली.

पाण्यापासूनच सुरू करते, कारण त्यात मतभेदाला जागाच नाही. माणूस दहा तास उन्हात उभा राहिला, नाचला, तर त्याला पाणी लागतं. १९९९ चा वुडस्टॉक संगीत महोत्सव न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावी, एका जुन्या हवाई तळावर झाला. खाली डांबर आणि काँक्रीट, वर जुलैचं ऊन, आणि पाण्याची बाटली चार डॉलरला. फुकटच्या नळांपाशी रांगा, मग रेटारेटी, मग फुटलेले पाइप आणि चिखल. शेवटच्या रात्री मैदान पेटलं. संगीत भडक होतं म्हणून पेटलं असं त्या वेळी बरंच छापून आलं. तीन दिवस तहानलेल्या, चिडलेल्या माणसांबद्दल त्या मानानं कमी. याहून वाईट गोष्ट २०२३ च्या नोव्हेंबरातली. रिओ दि जानेरोत उष्णतेची लाट असताना एका भरगच्च स्टेडियममधल्या कार्यक्रमात तेवीस वर्षांची मुलगी उष्म्यानं गेली. प्रेक्षकांना बाहेरून पाणी आणू दिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ब्राझीलच्या न्यायमंत्र्यांनी जाहीर केलं, की अशा कार्यक्रमांत पाण्याच्या बाटल्या आत नेऊ द्याव्या लागतील आणि प्यायचं पाणी फुकट द्यावं लागेल. एक जीव गेल्यावर जो नियम एका दिवसात होतो, तो आधी का होत नाही, हा प्रश्न मी तुम्हालाही विचारते आहे.

'रिकामी बाटलीसुद्धा नाही' याचं कारण तुम्ही सुरक्षितता असं दिलंय. इंग्लंडमधला ग्लास्टनबरी महोत्सव शेतजमिनीवर भरतो, तिथे लाखांवर माणसं पाच दिवस राहतात. तिथे २०१९ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक बाटलीत पाणी विकणंच बंद आहे. लोक आपापली बाटली आणतात आणि शेतातल्या शेकडो नळांवर भरतात. तिथे जी बाटली चालते ती तुमच्या दारात शस्त्र कशी ठरते? गेल्या वर्षी तुमच्या मैदानात मी नळ मोजले. सहा. त्यातले दोन कोरडे. आणि बाटलीबंद पाण्याचे स्टॉल मात्र मोजायची गरजच नव्हती, मान वळवाल तिकडे एक होता.

दुसरी गोष्ट कुंपणाची. इथे मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण गेल्या वर्षी शनिवारी रात्री मी त्या कुंपणापासून दहा-बारा फुटांवर होते. तेव्हा ते लहान होतं, यंदा तुम्ही ते मोठं करताय.

ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना वाटतं, गर्दीत माणूस पडतो आणि तुडवला जातो. बहुतेक वेळा तसं होत नाही. माणसं उभ्या उभ्या गुदमरतात. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा जणांपेक्षा जास्त माणसं झाली, की गर्दी माणसांसारखी वागत नाही, पाण्यासारखी वाहू लागते. मागून लाट येते, ती सगळ्यांच्या अंगांतून पुढे जाते आणि अडथळ्यावर आदळते. छातीवर इतका दाब येतो, की श्वास बाहेर जातो पण आत येत नाही. मागच्याला हे काही दिसत नाही, तो नाचतच असतो. मला धोका कळला तो अगदी साध्या गोष्टीवरून. नाक खाजवायचं होतं आणि हात वर येईना. कोपर कुणाच्या तरी बरगडीत, मनगट कुणाच्या तरी बॅगेखाली. माझ्या पुढच्या बुटक्या मुलीचे पाय काही क्षण जमिनीला लागत नव्हते, ती तशीच तरंगत होती. एका उंच माणसानं तिला काखेत धरून डोक्यांवरून पुढे दिलं. कुंपणापलीकडे मात्र ऐसपैस जागा होती आणि तिथले लोक पाठ फिरवून, स्टेज मागे घेऊन सेल्फी काढत होते. त्यांचा राग येत नाही. त्यांनी जागा विकत घेतली होती. विकली कुणी?

हा इतिहास तुम्हाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. २००० साली डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम या बँडच्या कार्यक्रमात नऊ तरुण गुदमरून गेले. २०१० मध्ये जर्मनीतल्या डुइसबुर्गला लव्ह परेड या नाच-संगीताच्या महोत्सवात आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा रस्ता एकाच बोगद्यातून ठेवला होता. एकवीस मृत्यू, सहाशेंहून अधिक जखमी, आणि दहा वर्षांनी खटला निकालाविना संपला. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला ॲस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात दहा जण गेले, सर्वांत लहान मुलगा नऊ वर्षांचा. मोठी दुर्घटना घडल्याचं अधिकाऱ्यांनी जाहीर केल्यावरही कार्यक्रम सुमारे अर्धा तास चालू होता.

रॉस्किल्डनं त्यातून काय केलं ते मात्र सांगायला हवं. मुख्य स्टेजसमोर त्यांनी कप्पे केले, म्हणजे कुंपण त्यांच्याकडेही आहे. पण त्या कप्प्यात माणसं मोजून सोडतात आणि प्रवेश रांगेतून मिळतो. आधी येईल तो पुढे. तुमचं कुंपण मोजायचं काम करत नाही. आत जागा मोकळी राहावी म्हणून ते बाहेरच्यांना चेपतं. दोन्ही कुंपणं लोखंडाचीच असतात, एवढंच साम्य.

पुन्हा प्रवेश नाही, हा नियम याच्याच पोटातला. बाहेर पडलं की दिवस संपला, असं म्हटल्यावर जिचा जीव घाबरा होतोय, जिला भोवळ येतेय, ती बाहेर पडायचं टाळते. तिकिटाचे पैसे डोळ्यांसमोर येतात. मीसुद्धा त्या शनिवारी आणखी दोन गाणी तशीच उभी राहिले. आता लिहिताना लाज वाटते.

कानांचं थोडक्यात. माझ्या डाव्या कानात चार वर्षांपासून एक बारीक शिट्टी वाजते, झोपायच्या वेळी जास्त. कानाच्या तज्ज्ञांनी सांगितलं, ही जाणार नाही, सवय होईल. झाली. दोष सगळा तुमचा नाही, तरुणपणी मी क्लबमध्ये स्पीकरला टेकून नाचलेली बाई आहे. पण तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं आणि आता सांगितलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा जागांसाठी मानक प्रसिद्ध केलं : आवाजाची सरासरी पंधरा मिनिटांना १०० डेसिबलच्या वर नको, मोजमाप सतत चालू हवं, इअरप्लग उपलब्ध हवेत, कानांना विसावा मिळेल अशी शांत जागा हवी. आवाज तीन डेसिबलनं वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते आणि कान तो सुरक्षितपणे सोसतो तो वेळ निम्म्यावर येतो. म्हणजे 'जरासंच वाढवलंय' असं काही नसतं. तुमच्याकडे इअरप्लग मिळतात, ते आठवणवस्तूंच्या दुकानात, महोत्सवाचं नाव छापलेल्या डबीत. शांत जागा आहे, ती प्लॅटिनमच्या आत.

इथे एक आडवळण घेते. मोठ्या रात्रींची ही जी संस्कृती तुम्ही विकता, तिची मुळं पाहिली तर गंमत वाटते. १४ फेब्रुवारी १९७० रोजी न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्कुसो नावाच्या माणसानं आपल्या राहत्या माडीवर नाचाची मैफल भरवली. पुढे ती जागा 'द लॉफ्ट' म्हणून प्रसिद्ध झाली. तिथे दारू विकली जात नसे. दारात वर्गणी द्यायची, आतलं खाणंपिणं त्यातच. आवाजाची व्यवस्था उत्तम, पण कान बधिर करणारी नाही, शेजारच्याशी बोलता यावं अशी. काळे, गोरे, समलिंगी, बिनपैशाचे, पैसेवाले, सगळे एकाच फरशीवर. मॅन्कुसो स्वतःला डीजे म्हणवून घेत नसे. संगीताचा यजमान, असं म्हणे. काही वर्षांनी शिकागोत 'वेअरहाउस' नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवू लागला आणि त्या क्लबाच्या नावावरून एका अख्ख्या संगीतप्रकाराला 'हाउस' म्हणू लागले. तुमच्या रविवारच्या रात्रीचे निम्मे कलाकार याच घराण्यातले. ज्यांना इतर दारांतून आत घेत नव्हते त्यांच्यासाठी उघडलेली ही दारं होती. त्या संगीतासमोर तुम्ही प्लॅटिनमचं कुंपण घालता.

यजमान हा शब्द मला तेव्हापासून सोडत नाही. माझ्या पाचही तक्रारी त्या एका शब्दात बसतात. दुकानदाराचा संबंध माल देऊन पैसे घेईपर्यंत. यजमानाचा, पाहुणा घरी पोचेपर्यंत.

आणि म्हणून शटल बस. माझ्यासाठी हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे, म्हणून मागे ठेवली.

दोन वर्षांपूर्वी शेवटच्या रात्री शेवटचा सेट सव्वादोनला संपला. फारच सुंदर सेट होता. शेवटी सगळे दिवे विझवून एकच सूर कितीतरी वेळ धरून ठेवला होता, मैदानात कुणी बोलत नव्हतं. बाहेर आलो तर कळलं, शेवटची शटल एकला गेली. तुमच्याच वेळापत्रकात बस एकला संपत होती आणि संगीत सव्वादोनला. मी होते आणि भाची, तेव्हा एकोणीस वर्षांची. गाड्यांचं भाडं नेहमीच्या सातपट झालं होतं आणि त्या भाड्यालाही गाडी मिळेना. फोनची बॅटरी दोघींची मिळून अकरा टक्के. दारावरच्या तुमच्या माणसाला विचारलं, तर तो बिचारा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, गेटच्या बाहेरचं आमच्याकडे नाही."

चाललो. सात किलोमीटर. पायवाट नाही, दिवे नाहीत, जड वाहनं अंगावरून गेल्यासारखी जात होती. पुढेमागे आमच्यासारखेच लोक, चमकी लावलेले, नाजूक बूट हातात घेऊन अनवाणी. एक गाडी दोनदा हळू झाली, आतून कुणीतरी काहीतरी बोललं. आम्ही पुढच्या सहा मुलींच्या घोळक्यात मिसळलो आणि कुणी काही न विचारता त्यांनी आम्हाला मध्ये घेतलं. स्टेशनवर पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. त्या रात्रीबद्दल कुणी विचारलं की मी आजही त्या शेवटच्या सुराबद्दल सांगते. भाची मात्र रस्त्याबद्दल सांगते. ती पुढच्या वर्षी आली नाही.

'गेटच्या बाहेरचं आमच्याकडे नाही.' हे वाक्य त्या मुलाचं नाही. ते तुम्ही त्याला शिकवलेलं आहे.

रात्रीचं जग जिथे जपलं जातं तिथे गेटच्या बाहेरचाच विचार आधी होतो. व्हिएन्नात २०१० पासून आठवड्याअखेरीस मेट्रो रात्रभर धावते, आणि ते लोकांचा कौल घेऊन ठरलं. बर्लिनमध्येही शुक्रवार-शनिवारच्या रात्री भुयारी गाड्या थांबत नाहीत. लंडननं २०१६ मध्ये काही मार्गांवर तेच सुरू केलं. ॲमस्टरडॅमला 'रात्रीचा महापौर' असतो, रात्री काम करणाऱ्यांचं आणि रात्री बाहेर पडणाऱ्यांचं म्हणणं नगरपालिकेपुढे मांडणारा. तिथल्या रेम्ब्रांटप्लेन चौकात आठवड्याअखेरीस लाल जॅकेट घातलेली माणसं नेमली. काम काय? रस्ता दाखवायचा, झिंगलेल्याला गाडीपर्यंत न्यायचं, भांडण वाढायच्या आत मध्ये पडायचं. त्यांना काय म्हणतात माहीत आहे? यजमान.

तुम्ही म्हणाल, ही शहरांची कामं, आम्ही कार्यक्रम करणारे. मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टलला मॅसिव्ह अटॅक या बँडनं केलेला कार्यक्रम पाहा. तीस-पस्तीस हजार माणसं, स्टेज बॅटरीवर, तिकिटांची पहिली विक्री जवळपास राहणाऱ्यांसाठी, रेल्वे स्टेशनपर्यंत विजेवरच्या बस, आणि रात्री परतणाऱ्यांसाठी खास रेल्वेगाड्या. त्यांनी हे हवामानासाठी केलं. अशा कार्यक्रमांतून होणाऱ्या प्रदूषणात सर्वांत मोठा वाटा प्रेक्षकांच्या येण्याजाण्याचा असतो. तुमच्या ई-मेलमध्येही 'हरित महोत्सव' असा हिरवा शिक्का आहे. भरलेली बस बंद करून तिच्या जागी तीस गाड्या आणायच्या आणि वर हिरवा शिक्का मारायचा, हे कोणत्या गणितात बसतं?

रिस्टबँडवरच्या उरलेल्या पैशांबद्दल एकच वाक्य : ते आमचे आहेत.

आणखी एक बाब, नव्या नियमांत नाही पण करारात आहे, आणि ती मला एका लहान क्लबच्या चालकानं सांगितली. तुमच्याकडे वाजवणाऱ्या कलाकारानं महोत्सवाच्या आधी आणि नंतर काही महिने आसपासच्या टापूत कुठे वाजवायचं नाही, अशी अट तुम्ही घालता. तिला धंद्यात 'रेडियस क्लॉज' म्हणतात आणि ती घालणारे तुम्ही एकटे नाही. मोठ्या नावांपुरती ती मी समजू शकते. पण दुपारी तीनच्या उन्हात, लहान स्टेजवर, चाळीस माणसांपुढे वाजवणाऱ्या पोरालाही तीच अट? तो पुढच्या वर्षी तुमच्या मोठ्या स्टेजवर येण्याइतका तयार होतो तो याच लहान क्लबांत, मंगळवारच्या रिकाम्या रात्री वाजवून. जर्मनीच्या संसदेनं २०२१ मध्ये ठराव केला, की क्लबांना करमणुकीचे अड्डे न मानता नाट्यगृहं-संग्रहालयांसारखी सांस्कृतिक स्थळं मानावीत. तुम्ही त्यांना निदान शेजारी माना.

तर मागण्या.

रिकामी बाटली आत येऊ द्या. फुकट पाण्याचे नळ प्रेक्षकसंख्येच्या हिशेबानं वाढवा आणि नकाशावर दाखवा.

स्टेजसमोरची जागा विकू नका. कप्पे करायचे तर माणसं मोजून, रांगेतून. कार्यक्रम थांबवायचा अधिकार कुणाला आहे, त्याचं नाव आणि पद्धत आधी जाहीर करा, आणि तो अधिकार कलाकाराच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला असू द्या, दूरच्या खोलीतल्या नव्हे.

बाहेर पडलेल्याला परत आत येऊ द्या. किमान वैद्यकीय तंबूत गेलेल्याला तरी. तिथे गेल्यावर आधी उपचार, प्रश्न नंतर, हे लेखी द्या. चौकशीच्या भीतीपोटी मित्राला झाडाखाली झोपवून ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत.

मुख्य स्टेजजवळ चालू आवाजाचा आकडा दिसेल असा फलक लावा, दारावर इअरप्लग फुकट द्या, शांत जागा सगळ्यांसाठी उघडा.

रिस्टबँडवरची शिल्लक महिन्याभरात आपोआप परत करा. अर्ज नको, शुल्क नको.

लहान स्टेजवरच्या कलाकारांना ती टापूची अट लावू नका.

आणि बस. शेवटचा सेट संपल्यानंतर किमान दोन तास, दर वीस मिनिटांनी, स्टेशनपर्यंत. रस्त्याच्या पहिल्या दोन किलोमीटरवर दिवे आणि तुमची माणसं. खर्च येईल हे मला कळतं. तिकिटात बसचे पैसे मिळवा, मी देईन, माझ्या ओळखीतले सगळे देतील. प्लॅटिनममध्ये जाण्यासाठी जास्तीचे पैसे भरणार नाही. घरी पोचण्यासाठी भरेन.

यांपैकी जे जमणार नाही, ते जमणार नाही असं सांगा आणि का ते सांगा. तोट्यात धंदा करा असं मी म्हणत नाही. महोत्सव बंद पडावा असं तर मला मुळीच वाटत नाही. चांगले महोत्सव बुडताना पाहिलेत, त्या मैदानांवर नंतर कुणी ताडपत्री वाटून घेत नाही. तुमचे स्वयंसेवक, रात्रभर केबल ओढणारी मुलं, शौचालयं धुणाऱ्या बायका, यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. हे पत्र त्यांना उद्देशून नाही. गेल्या वर्षी मला पाणी दिलं ते अशाच एका स्वयंसेवक मुलीनं, स्वतःच्या बाटलीतलं. यंदाच्या नियमानं तिलाही ती बाटली आत आणता येणार नाही.

तिकीटविक्री पंधरा दिवसांनी सुरू होते आहे. आमचा अकरा जणांचा गट आहे आणि अजून कुणी तिकीट काढायचं ठरवलेलं नाही. भाचीनं या वर्षी यायची तयारी दाखवली आहे, पण तिची एक अट आहे. शेवटची बस किती वाजता सुटते ते आधी कळवा, मग ती तारखा मोकळ्या ठेवेल.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
अकरा वर्षांची एक पाहुणी